काका दारात उभे आहेत

गाढव इमारतीत आणायचं ठरलं, ते परीक्षकांच्या गुडघ्यामुळे.

एरवी पशुकल्याणाची परीक्षा मागच्या गोठ्यात व्हायची. गोठ्याकडे जाणारा खडीचा उतार आणि बाहेरून येणाऱ्या परीक्षकांचा उजवा गुडघा यांचं जमणार नाही, असं प्राचार्यबाईंना कळलं, आणि त्यांनी एका वाक्यात प्रश्न सोडवला. माणूस जनावराकडे जाऊ शकत नसेल तर जनावर माणसाकडे आणा. हा विषय शिकवणाऱ्या सरांनी बोलून पाहिलं. ओळखीच्या जागेतून उठवून जनावराला भलत्याच ठिकाणी उभं करायचं आणि वर त्याच्या सुखदुःखावर परीक्षा घ्यायची, म्हणजे वर्षभर जे शिकवलं त्यावर पाणीच सोडायचं, असं त्यांचं म्हणणं होतं.

"अहो सर, गाढव आहे ते," बाई म्हणाल्या. "नवरी नाही सासरी निघालेली."

नवरीला निदान उंबऱ्यात रडायला तरी वेळ देतात, असं सरांच्या मनात आलं. पण मनात आलेलं सगळं प्राचार्यांच्या खोलीत बोलायचं नसतं, हे त्यांना नोकरीने शिकवलं होतं.

पशुवैद्यकाच्या त्या कॉलेजात सरांना सगळे 'कल्याणसर' म्हणत. विद्यार्थी मायेने म्हणत, बाकीचे मास्तर चिमटा काढून. "आमची पोरं जनावर बरं करतात, ह्यांची पोरं त्याची विचारपूस करतात," असं शस्त्रक्रिया विभागात चहाबरोबर बोललं जाई. चार वर्षांपूर्वी हा विषय नवा आला, तेव्हा बैठकीला सर उशिरा पोचले होते. सगळ्यांनी आपापलं उचलून झाल्यावर ताटात जे उरलं, ते त्यांच्या वाट्याला आलं. पण काही लेकरं अशीच पदरात पडतात आणि पुढे सगळ्यांत लाडकी होतात. सरांचं तसंच झालं होतं. भूक, भीती, वेदना, अवघडलेपण ह्या गोष्टी ज्याला बोलता येत नाहीत त्याच्या अंगावर वाचायच्या कशा, हे ते असं शिकवत, की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मोबाइल खिशात ठेवत.

आता ते लाडकं लेकरूच धोक्यात होतं. परीक्षकांचा शेरा वाईट आला, तर पुढच्या वर्षीपासून हा विषय शस्त्रक्रियेच्या शेपटाला बांधून दोन तासांत उरकायचा, असं बाईंनी आडून आडून सांगितलं होतं. आणि येणारे परीक्षक स्वतः नावाजलेले शल्यचिकित्सक. त्यांनी जितकी गाईम्हशींची पोटं उघडली तितकी इतरांनी दारं उघडली नसतील, असं म्हणत. दयामाया टाके घालताना आड येते, हे त्यांचं मत तर सर्वांनाच ठाऊक होतं.

राहता राहिलं गाढव. त्याला सगळे 'काका' म्हणत. अर्धं आयुष्य वीटभट्टीवर ओझी वाहून, पाठीवर जुन्या जखमांची पांढरी नक्षी घेऊन ते कॉलेजात निवृत्त झालं होतं. एक कान उभा, एक कान कलता. जणू जगाचं बोलणं एका कानाने ऐकायचं आणि दुसऱ्याने सोडून द्यायचं, अशी त्याने कायमची सोयच करून ठेवली होती. काकांवर सरांचा एक आख्खा धडा होता. घाबरलेला घोडा पळतो, घाबरलेलं गाढव थांबतं. लोक त्याला हट्टी म्हणतात, पण ते विचार करत असतं. तेव्हा ओढायचं नाही, ढकलायचं नाही, ओरडायचं नाही. "कुणी विचार करत असेल तर आपण शांत राहावं," सर म्हणायचे, "आपल्याला ते बघायची सवय नाही, एवढंच."

परीक्षेच्या दिवशी कॉलेज नुसतं चकचकत होतं. परीक्षक येणार म्हणून बाईंनी लांबलचक पडवीच्या फरशीला यंत्र लावून झळाळी आणवली होती. अर्थात पाहुणे पुढच्या दाराने येतात, म्हणून झळाळी पुढच्या दारापासून बाईंच्या खोलीपर्यंतच होती. तिथून मागे जुनी खरबरीत फरशी तशीच. वरच्या ट्यूबलाइटी खाली फरशीत बुडाल्यासारख्या दिसत होत्या. कुणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, दिवे सोडलेत नदीत.

काका मागच्या दाराने आले. दोर लांबूच्या हातात होता. वर्गातला हा सगळ्यांत उंच मुलगा काकांच्या शेजारून चालताना नेहमी वाकून चालायचा, वडीलधाऱ्याच्या डोक्यावरून बघू नये म्हणून. दोघे निवांत येत होते. आणि बाईंच्या खोलीसमोर, जिथे जुनी फरशी संपून झळाळी सुरू होत होती, तिथे काका थांबले. थोडे तिरपे थांबले. तोंड पडवीच्या पलीकडच्या भिंतीकडे, आणि पोट बरोबर बाईंच्या दाराला. बुचासारखं.

आत पाहुणचार चालू होता. परीक्षक लांबचा प्रवास करून आले होते, आणि बाईंच्या हातचा आग्रह मोडणं भल्याभल्यांना जमलं नव्हतं. आधी पाणी झालं, मग चहा झाला, मग लिंबाचं सरबत, आणि सरबत गोड झालं म्हणून पुन्हा अर्धा कप चहा. शेवटी परीक्षकच घाईने उठले. परीक्षा सुरू करू या म्हणाले. बाईंनी दार आत ओढलं. समोर राखाडी केसांची भिंत होती, आणि ती श्वास घेत होती.

"हे काय आहे?"

"काका, मॅडम," पलीकडून लांबूचा आवाज आला.

"कोणाचे काका?"

"आमच्या सगळ्यांचेच."

बाईंनी काकांना बाजूला घ्यायला सांगितलं. काका विचार करतायत, असं लांबूने नम्रपणे कळवलं. किती वेळ करतात, हेही बाईंनी विचारून घेतलं. तसं काही ठरलेलं नसतं, असं उत्तर आल्यावर त्यांनी सरांना बोलवायला माणूस धाडला.

सर धावत आले, मागोमाग वर्ग आला. आधी गाजर आणलं. काकांनी गाजर घेतलं, सावकाश चावलं, आणि होते तिथेच राहिले. मग कुणीतरी म्हणालं, काकांना शेळीची सोबत लागते, ती पुढे चालली तर मागोमाग जातील. कल्पना चांगली होती. गोठ्यातून शेळी आली, तोऱ्यात झळाळीवर गेली, आणि तिचे चार पाय चार दिशांना पांगले. कशीबशी उठून ती ओरडत परत फिरली, ती थेट काकांच्या पोटाखाली शिरली आणि तिथेच बसली. मघापर्यंत दार वरून बंद होतं. आता खालूनही झालं.

एवढ्यात शिपाई दांडका घेऊन आला. त्याचा हेतू वाईट नव्हता. त्याच्या मते जगातलं कुठलंही गाढव दांडका पाहिला की हलतं. पण शिपाई आणि काका यांच्यामध्ये सगळा वर्ग येऊन उभा राहिला. नुसते उभे राहिले. शिपायाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा दांडक्याकडे, आणि पंखा पुसायला म्हणून आणला होता अशा चेहऱ्याने तो निघून गेला.

आत परीक्षक खुर्चीतून उठत होते, बसत होते, पुन्हा उठत होते. त्यांनी बाईंना मागच्या दाराचं विचारलं. होतं, पण त्यासमोर ढालींचं कपाट ठेवलेलं. खिडकीचं विचारलं. तिला गज होते. मग त्यांनी काही विचारलं नाही. ओठ मिटून एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत राहिले. परीक्षक भडकलेत, असा बाईंनी अर्थ काढला, आणि दाराशी येऊन काकांच्या पाठीवरून सरांशी खालच्या आवाजात बोलल्या.

"सर, विषय ठेवायचाय ना तुम्हाला?"

"हो, मॅडम."

"मग एक धक्का द्या. एकच. मी बघितलं नाही असं समजा."

सर काकांच्या मागच्या बाजूला गेले. धक्का दिला असता तर काका कदाचित हललेही असते. म्हातारं जनावर, कितीसा जोर करणार. सरांनी दोन्ही हात वर केले. समोर सगळा वर्ग होता. वर्गाची मॉनिटर सगळ्यांत पुढे होती. चार वर्षांत सरांना सगळ्यांत जास्त प्रश्न हिनेच विचारले होते, आणि सरांना रात्री पुन्हा पुस्तकं काढायला लावली होती. आत्ता तिने काहीच विचारलं नाही. फक्त मान वळवून ती खिडकीबाहेर बघू लागली, आपल्या माणसाची फजिती बघू नये तशी.

सरांचे हात खाली आले ते काकांच्या पाठीवर, आणि ढकलायच्या ऐवजी जुन्या जखमांच्या कडेने खाजवू लागले. काकांचा खालचा ओठ सुखाने लोंबला.

"नाही जमायचं, मॅडम," सर म्हणाले. "विषय जायचा तर जाऊ दे. पण तो माझ्या हाताने नको जायला."

बाई काही बोलणार, इतक्यात मागून परीक्षकांचा आवाज आला, घट्ट आणि तोडका. ठीक आहे. परीक्षा इथूनच होईल. आत्ताच्या आत्ता होईल. पहिला विद्यार्थी कोण ते पुढे या.

मॉनिटर पुढे झाली. काकांच्या पाठीपलीकडे परीक्षकांचं नुसतं धड आणि घामेजलेलं कपाळ दिसत होतं. अलीकडे ती, मध्ये काका, खाली शेळी. अशी तोंडी परीक्षा कुठल्याही कॉलेजात झाली नसेल.

"समोरच्या जनावराकडे बघा," परीक्षक म्हणाले. "अस्वस्थ आहे की नाही? लक्षणं सांगा. थोडक्यात."

मॉनिटरने बघितलं. सरांनी शिकवल्याप्रमाणे आधी लांबून, मग जवळून, घाई न करता.

"अस्वस्थ आहे, सर," ती म्हणाली. "एका जागी ठरत नाही. मागचे... म्हणजे पायांवरचा भार सारखा बदलतं आहे. कपाळावर घाम. जबडा आवळलेला. दर थोड्या वेळाने दाराकडे बघतं, आणि पाण्याचं भांडं नजरेला पडलं की मान फिरवतं."

सरांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. काका तर पुतळ्यासारखे उभे होते. घाम कुठला, भार कुठला. खालचा ओठ अजून लोंबत होता. हुशार मुलगी ऐन वेळी अशी कशी चुकली. त्यांनी हळूच तिला सुचवून पाहिलं, की काका असं काहीच करत नाहीयेत.

"मी काकांबद्दल बोलत नाहीये, सर," ती म्हणाली.

बाईंनी सरबताच्या रिकाम्या पेल्याकडे पाहिलं, मग चहाच्या कपांकडे पाहिलं, आणि लगेच भिंतीवरच्या घड्याळात कधी नव्हे इतकं लक्ष घातलं. परीक्षकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. भर खोलीत परक्या बाईंसमोर जे तोंडून निघत नव्हतं, ते या पोरीने लक्षणांसकट मांडलं होतं.

"निदान बरोबर आहे," ते म्हणाले. "उपाय?"

"औषध नको, सर. वाट मोकळी करून द्यायची."

"मग करा," परीक्षक म्हणाले. आणि त्यांच्या आवाजात आता परीक्षक नव्हता.

सर खाली बसले. गुडघे टेकले, हात टेकले, काकांच्या तोंडाशी तोंड नेऊन चार पायांवर उभे राहिले. पहिल्या वर्षीच्या पोरांना ते गोठ्यात असंच रांगायला लावायचे. जनावराला काय दिसतं ते उभ्या माणसाला दिसत नाही म्हणायचे. आता त्यांना दिसलं. समोर फरशी नव्हतीच. समोर काळंभोर पाणी होतं, खोल, आणि तळाशी दिवे जळत होते. शेळी त्यात बुडता बुडता वाचलेली काकांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितली होती. अशा पाण्यात शहाण्याने पाय घालू नये.

"ह्याच्यावर काहीतरी अंथरायला हवं," सर खालूनच म्हणाले. "पाय घट्ट ठरेल असं."

गोठ्यातली पोती आणायला माणूस जाऊन येईपर्यंत परीक्षकांना धीर निघणार नव्हता. तेवढ्यात लांबूने दाखवलं, काकांचा मागचा एक पाय निवांत आहे, नुसतं टोक टेकवलंय. बाईंच्या खोलीतला लांबट गालिचा उंबऱ्याबाहेर वीतभर आला होता, आणि तो पाय नेमका त्यावर होता.

मग काय, गालिचाच काढायचा ठरला. बाईंनी कपबशा उचलल्या. परीक्षकांनी टेबल सरकवलं. पण गालिच्याची एक कड काकांच्या खुराखाली, आणि ती सोडवायला आतूनच हात घालावा लागणार होता. परीक्षकांनी आपल्या गुडघ्याकडे पाहिलं. गुडघा नको म्हणत होता, बाकी सगळं शरीर हो म्हणत होतं. ते कण्हत खाली बसले आणि दोन्ही हातांनी त्यांनी काकांचा पाय धरला.

त्या क्षणी पडवीतल्या प्रत्येकाच्या ओठांवर एकच म्हण आली होती. पण परीक्षा अजून संपली नव्हती आणि गुण त्यांच्या हातात होते, म्हणून कुणी ती उच्चारली नाही.

परीक्षकांनी मात्र ओढलं नाही. खरं तर त्यांना हिसका द्यायचा होता, पण एवढ्या सगळ्या पोरांचे डोळे हातावर असताना हिसका देववेना. त्यांनी मांडीपासून खाली हळूहळू हात फिरवत आणला, आणि काकांनी पाय आपणहून उचलून त्यांच्या तळव्यात दिला. परीक्षकांच्या हातात आजवर हजारो पाय आले असतील. बहुतेक बांधून, नाहीतर भूल देऊन. असा, उसनवारीने विश्वासावर दिलेला पाय हातात घेऊन ते आपली निकड विसरून पळभर तसेच बसले. "बरं बाबा," असं काहीतरी पुटपुटले. मग निकड आठवली.

गालिचा काकांच्या पाठीवरून पलीकडे गेला आणि झळाळीवर उलगडला. काकांनी मान खाली घातली, हुंगलं, विचार केला. एक पाय टाकला. पुन्हा विचार केला. दुसरा टाकला. शेळी पोटाखालून निघाली आणि मागे लागली. दार मोकळं झालं, आणि परीक्षक बाणासारखे बाहेर सुटले.

बाण एकाच पावलावर अडला. नवे चामडी तळाचे बूट, आरशासारखी फरशी आणि तो गुडघा. त्यांचा एक पाय पडवीच्या दिशेने निघाला आणि दुसरा दुसरीकडे. हाताला लागलं ते त्यांनी धरलं, आणि हाताला लागली काकांची पाठ. गालिचा एकच होता, आणि त्यावर काका चालत होते. तेव्हा परीक्षकही त्यावरूनच चालले, काकांच्या चालीने. पुढे काका, कडेला साहेब, मागे शेळी. शेळीमागे सर, सरांमागे पोरं. काका थांबले की साहेब थांबत. काका विचार करत, साहेब डोळे मिटत. कुणी हसलं नाही, कुणी घाई केली नाही. पडवीत थोडं पुढे हवं ते दार आलं, आणि परीक्षक आत नाहीसे झाले.

दार लागलं. गालिचा तिथेच संपत होता. काकांनी पुढचं काळं पाणी पाहिलं, मागची लांबलेली वरात पाहिली, आणि ते थांबले. थोडे तिरपे. पोट दाराला.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आतून पाण्याचा आवाज आला, नळाचा आला, आणि मग दार बाहेर उघडायचा प्रयत्न झाला. ते दोन बोटं उघडलं आणि मऊशा कशावर तरी टेकलं.

बाई तोवर येऊन पोचल्या होत्या. त्यांनी सरांचा दंड धरला आणि कानाशी येऊन हात जोडल्यागत म्हणाल्या, आता तरी ढकला हो. आता तरी.

"सर," दाराच्या फटीतून परीक्षकांचा आवाज आला. तो इतका मोकळा झाला होता की कुणाला ओळखूच आला नाही. "काका आहेत का?"

"हो, सर."

"विचार करतायत?"

"करतायत, सर."

मग परीक्षकांनी बाईंना हाक मारली आणि फटीतूनच सांगितलं, मघाशी चहा घेताना बाई विषय दोन तासांत उरकायचं बोलत होत्या. ते जमेल असं त्यांना वाटत नाही. दोन तासांत तर नुसतं इथपर्यंत येणंही होत नाही. शेऱ्यात ते तसं लिहिणार आहेत.

बाईंनी सरांचा दंड सोडला. सरांनी मॉनिटरकडे पाहिलं, आणि या वेळी ती खिडकीबाहेर बघत नव्हती.

"आणि तिथे एखादी खुर्ची असेल तर विद्यार्थ्यांना बसायला द्या," आतून आवाज आला. "मला आता कसलीच घाई नाही. चला, पुढचा विद्यार्थी कोण?"